अवघड वर्षाची कीर्द-खतावणी

वर्ष सरताना कुणी सहज विचारतं, "काय मग, कसं गेलं वर्ष?" ज्या घरात त्या वर्षी मोठं आजारपण आलं, कुणी गेलं, नोकरी सुटली किंवा संसार मोडला, तिथून उत्तर एका शब्दात येतं: "वाईट." कधी तेवढंही नाही, नुसती मान हलते. हे उत्तर खोटं नसतं. पण ३६५ दिवस एका शब्दात मावतात कसे, हे आधी समजून घेतलं तर मागे वळून बघणं बरंच सोपं जातं.

आठवणीला सरासरी काढता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद. या वाढीव वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. मग विचारलं, यातलं कुठलं परत करायला चालेल? बहुतेकांनी ९० सेकंदांचं निवडलं. एकूण त्रास जास्त झाला होता, पण शेवट किंचित सुसह्य होता. आठवण मुख्यतः दोनच जागा धरून ठेवते, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट. किती वेळ चाललं, हे तिच्या लेखी जवळजवळ नसतंच.

वर्षाला हे लावून बघा. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, उन्हाळा-पावसाळा बरा गेला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दवाखाना मागे लागला. तीव्र क्षण मार्चचा, शेवट नोव्हेंबरचा, आणि सगळं वर्ष या दोन खांबांवर उभं. मधल्या दोनशे-सव्वादोनशे दिवसांत रोज चहा झाला, क्षुल्लक भांडणं झाली, मुलगी सायकल शिकली. ते दिवस मोजणीत येतच नाहीत.

त्यात आणखी एक भर. उदास असताना उदास प्रसंगच पटापट आठवतात, त्यामुळे ज्या संध्याकाळी तुम्ही विचार करायला बसता, त्या संध्याकाळचा मूड वर्षभराला रंग देऊन जातो. आणि तिसरी गोष्ट, जी फारशी कुणाला ठाऊक नसते. मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी १९८० च्या दशकात आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांच्या आठवणी तपासल्या. त्यांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा नेमका प्रसंग सांगायला सांगितलं. इतर लोक "मागच्या रविवारी" म्हणून सुरुवात करत. ही मंडळी "आम्ही फिरायला जायचो तेव्हा" अशा ढोबळ उत्तरावर थांबत. पुढे नैराश्यातही हेच आढळलं. म्हणजे "वर्षभरात काहीच चांगलं झालं नाही का?" याला खचलेला माणूस "नाही" म्हणतो तेव्हा तो हट्ट करत नसतो. त्याला खरोखर सापडत नसतं. त्याला "सकारात्मक विचार कर" सांगणं म्हणजे किल्ली हरवलेल्याला "अरे, कुलूप उघड ना" म्हणण्यासारखं आहे.

आधी कीर्द

जुन्या पेढीवरचा हिशेब तीन पायऱ्यांनी चालायचा. घडेल तशी तारीखवार नोंद ती कीर्द. त्या नोंदी ज्याच्या-त्याच्या खात्यावर नेऊन लिहिणं ही खतावणी. आणि शेवटी ताळेबंद. अवघड वर्षाच्या बाबतीत आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळतो आणि एकदम ताळेबंदावर येतो, तोही तोंडी. इथली पद्धत वेगळी आहे. कीर्द नीट लिहायची, खतावणी करायची, आणि ताळेबंद काढायचाच नाही. का नाही, ते खतावणीपाशी येईल.

लागते एक शंभर पानी रेघांची वही. प्रत्येक महिन्याला समोरासमोरची दोन पानं द्या, म्हणजे २४ पानं कीर्दीला गेली, उरलेली खतावणीला. बैठका चार, प्रत्येक ४० मिनिटांची, एका बैठकीत तीन महिने. वेळ सकाळची किंवा दुपारची. रात्री जेवणं झाल्यावर हे काम काढू नका. दमलेलं डोकं काळंच जास्त बघतं आणि वर पुढची झोप जाते. मोबाइलवर गजर लावा आणि तो वाजला की ऑगस्ट अर्धा राहिला असला तरी वही मिटा. आणि मोठा आघात होऊन महिना-दोन महिनेसुद्धा झाले नसतील तर वर्षाचा आढावा राहू द्या. तेव्हा दिवस ढकलणं हेच पुरेसं काम असतं.

मुख्य नियम असा की आठवायचं नाही, शोधायचं. आठवणीवर भरवसा नाही म्हणून तर वही उघडली. मोबाइलची गॅलरी महिन्यानुसार चाळा. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, डॉक्टरांची वेळ, कुणाचा तरी घाईत टिपलेला नंबर, सगळं तिथे असतं. दवाखान्याची फाइल, एसटी आणि रेल्वेच्या तिकिटांचे मेसेज, मुलांच्या शाळेची डायरी, सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः टाकलेले निरोप.

सगळ्यात दुर्लक्षित पुरावा म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी. १८ मे, नर्सरी, २४० रुपये. कसलं रोप घेतलं होतं? मोगरा, आणि त्याबरोबर एक मातीची कुंडी, जी रिक्षात मांडीवर धरून आणली. मोगरा जगला का? जगला, गॅलरीच्या कोपऱ्यात आहे, जुलैत फुलंही आली होती. एका ओळीच्या खर्चातून चार नोंदी निघाल्या, आणि यातली एकही "काय चांगलं झालं?" या प्रश्नाला आठवली नसती.

फोटो आणि कागदपत्रं दोन्ही का लागतात, त्याला कारण आहे. फोटो सणासमारंभाचे असतात. ज्या दिवशी हातपाय गळाले त्या दिवशी कुणी सेल्फी काढत नाही. उलट दवाखान्याची फाइल उघडली की सगळं वर्ष दवाखानाच वाटतं. दोन्ही खोटं बोलत नाहीत, पण प्रत्येकाची नजर एकाच बाजूला.

नोंद कशी लिहायची? तारीख, जागा, माणूस आणि घडलेली एक गोष्ट. विशेषण नाही. "जून भयाण गेला" ही नोंद झाली नाही. "११ जून, सकाळी सव्वादहा, एचआरचा फोन, मी जिन्यात उभा" ही नोंद. "११ जून, दुपार, शेजारच्या काकूंनी आमरसाची वाटी आणून दिली, त्यांना काहीच माहीत नव्हतं" हीसुद्धा नोंद. इतका काटेकोरपणा उगाच नाही. ढोबळपणाची सवय मोडून नेमके प्रसंग काढायला शिकवणं, हाच नैराश्यावरच्या एका प्रशिक्षणपद्धतीचा गाभा आहे.

इथे काय बिघडतं तेही सांगायला हवं. पहिलं म्हणजे एकाच महिन्यात अडकणं. वाईट महिन्याशी आलं की पेन चालतच राहतं, किंवा अजिबात चालत नाही. दोन्ही वेळा त्या पानाच्या कोपऱ्यात फुली मारा आणि पुढच्या महिन्यावर जा. फुलीच्या पानासाठी वेगळी पद्धत आहे, पुढे येते. दुसरं, गेलेल्या माणसाचे जुने व्हॉट्सॲप मेसेज. तारीख बघायला म्हणून उघडलेल्या चॅटमध्ये दोन तास जातात. ते वाचावंसं वाटणं स्वाभाविक आहे, फक्त या बैठकीत नको. तिसरं, रिकामा महिना. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांच्या वहीत असे महिने हमखास असतात. तिथे "काही सापडलं नाही" असं लिहा. तीही नोंद आहे, आणि पुष्कळ काही सांगणारी.

खतावणी, आणि वजाबाकी का करायची नाही

कीर्द झाली की दोन दिवस वही बंद ठेवा. मग पाच खाती पाडा: काय गेलं, काय टिकलं, कुणी काय दिलं, मी काय केलं, आणि हसू. कीर्दीतली एकेक नोंद उचलून योग्य त्या खात्यावर न्या.

"काय गेलं" हे खातं कंजुषी न करता लिहायचं. नोकरी गेली, एवढ्यावर थांबू नका. नोकरीबरोबर सकाळच्या लोकलमधला ठरलेला घोळका गेला, डब्यात भाजी वाटून खाणं गेलं, "साहेब" म्हणून हाक मारणारा चहावाला गेला. आईबरोबर लोणच्याचं प्रमाण गेलं, कारण ते लिहिलेलं कुठेच नव्हतं. या छोट्या वजाबाक्यांना नाव दिलं नाही की त्या मोठ्या दुःखात मिसळून जातात आणि "सगळंच गेलं" असं वाटू लागतं.

"मी काय केलं" हे खातं बहुतेकांचं सुरुवातीला कोरं राहतं. घरातल्या बायकांचं तर नक्कीच, कारण करणं हे त्यांच्या लेखी करणंच नसतं. तिथे आकडे घाला. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, सहा महिने म्हणजे २६ आठवडे, म्हणजे ७८ फेऱ्या. प्रत्येक फेरीला जाणं-येणं धरून सहा तास, म्हणजे ४६८ तास. आकडा लिहून झाल्यावर त्याकडे थोडा वेळ नुसतं बघा.

"हसू" या खात्याला अर्हतेची अट नाही. जवाएवढं असलं तरी लिहायचं.

आता मुख्य मुद्दा. काही नोंदी दोन खात्यांवर जातील, आणि जाऊ द्यायच्या. समजा, नोंद अशी आहे: "९ जुलै, रात्री अकरा, आयसीयूबाहेरचा बाक, दादाने आणलेला वडापाव, वाफेने पाव पिशवीत ओला झालेला, बाबांनी एकदा लग्नात दुसऱ्याच वऱ्हाडात जेवून घेतलं होतं ती गोष्ट निघाली, दोघं हसत सुटलो, नर्स बाहेर येऊन बघून गेली." ही नोंद कुठे जाणार? "काय गेलं"मध्ये जाईल, कारण बाबा आत होते. "कुणी काय दिलं"मध्ये जाईल. आणि "हसू"मध्येही जाईल. तीन ठिकाणी लिहा.

यात भाबडेपणा नाही, याला चांगला आधार आहे. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत सुझन फोकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एड्सने आजारी असलेल्या जोडीदारांची सेवा करणाऱ्या पुरुषांचा दीर्घ अभ्यास केला. अभ्यास सुरू झाला तेव्हा परिणामकारक औषधं नव्हती; बरेच जोडीदार अभ्यास चालू असतानाच गेले. दर दोन महिन्यांनी मुलाखत व्हायची आणि प्रश्न असायचे ताणाचे. सुरुवातीलाच सेवा करणाऱ्यांनी स्वतःहून तक्रार केली: तुम्ही फक्त त्रासाचं विचारता, आम्ही कशाच्या बळावर उभे आहोत ते विचारतच नाही. संशोधकांनी प्रश्न वाढवला: अलीकडे असं काय घडलं, ज्याने दिवस निघाला? जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत उत्तर मिळालं, आणि बहुतेक वेळा अगदी साधं: एखादं नीट जमलेलं जेवण, फुलं, मित्राचा चांगला शब्द. दुःखाच्या मोजपट्टीवर ही माणसं खूप वर होती, आणि तरी त्याच काळात त्यांना आनंदाचे क्षणही येत होते. एक वाढलं की दुसरं कमी होतंच, असं काही दिसलं नाही. सुख आणि दुःख ही एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. दोन वेगळी खाती आहेत.

म्हणून ताळेबंद नको. वडिलांचं जाणं उणे भाचीचं लग्न बरोबर किती? अशी वजाबाकी मांडली की दोन्हीकडून फसगत होते. उत्तर उणे आलं तर लग्नातला आनंद खोटा वाटतो, आणि ओढूनताणून अधिक आणलं तर वडिलांचा अपमान झाल्यासारखं होतं. खात्यांची बेरीज आपापल्या पानावर राहू द्या.

त्याच कारणासाठी या वहीत "काय शिकलो" असं सहावं खातं मुद्दाम ठेवलेलं नाही. काही जण संकटातून शिकतात, काही फक्त बाहेर पडतात, आणि बाहेर पडणं पुरेसं असतं. "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे वाक्य ज्याचं गेलं त्याने स्वतःहून म्हटलं तर ऐकून घ्यावं. दुसऱ्याने त्याला ऐकवू नये.

हसल्याचा अपराध

"हसू"चं खातं लिहिताना कित्येकांचा हात थांबतो. घरात माणूस गेलं त्या वर्षी आपण हसलो, सिनेमा बघितला, हे कागदावर बघताना कसंसं होतं. त्यावर मानसशास्त्रज्ञ डॅचर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांचं १९९७ चं काम बघण्यासारखं आहे. जोडीदार जाऊन सहाएक महिने झालेल्या लोकांशी त्या जोडीदाराबद्दल बोलताना त्यांचे चेहरे टिपले. जे बोलता बोलता मनापासून हसले, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतील असं, त्यांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी निघाला. तसं हसणं प्रेम कमी असल्याची खूण ठरत नाही.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ साली शोकाचं जे प्रारूप मांडलं, त्यात हेच वेगळ्या बाजूने येतं. शोक करणारा माणूस दोन कामांमध्ये झुलत असतो. एकात तो गेलेल्याकडे वळतो, रडतो, फोटो काढून बसतो. दुसऱ्यात विम्याचे कागद, गॅसचं नाव बदलणं, नवी कामं शिकणं आणि अधूनमधून सगळं विसरून मॅच बघणं. या झोक्याला दोन्ही टोकं लागतात. नुसतं रडत राहणं जितकं अडकवतं, तितकंच सतत कामात बुडून राहणंही.

आपल्याकडच्या काही रीती या झोक्याची सोय करतात. माणूस गेलेल्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, पण शेजारचे आणि नातेवाईक ताटं आणून देतात. सण साजरा झाला नाही, आणि चकली मात्र खाल्ली गेली. कुठल्याही समुपदेशकाला याहून नेमका तोडगा सुचणार नाही. मात्र रीत पाळायची की नाही यावर आयत्या वेळी घरात वाद झाला तर तो दिवस फार जड जातो. सणाच्या आठवडाभर आधी बसून ठरवा: कंदील लावायचा का, लहान मुलांना फुलबाज्या आणायच्या का, कुणाकडे जायचं, किती वाजता परत यायचं. अर्धवट ठरवलेलंही चालतं. "जाऊ, पण जेवायला थांबणार नाही" हा पूर्ण उत्तम निर्णय आहे.

फुलीची पानं

आता कीर्दीत ज्या पानांवर फुली मारली ती. यासाठी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची लिहिण्याची पद्धत आहे. पहिला अभ्यास त्यांनी सँड्रा बील यांच्यासह १९८६ साली प्रसिद्ध केला. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, एकाच प्रसंगाबद्दल लिहायचं. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही. शुद्धलेखन बघायचं नाही, पेन थांबवायचं नाही, सुचलं नाही तर आधीचीच ओळ परत लिहायची. हे कुणाला दाखवायचं नाही. सुट्या कागदावर लिहून फाडून टाकलंत तरी काम झालेलं असतं.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. पुढच्या शेकडो अभ्यासांची सरासरी काढली तर फायदा आहे, पण लहान आहे. आणि लिहिल्या लिहिल्या बरं वाटत नाही, उलट तास-दोन तास मन जड राहतं. म्हणून लिहून झाल्यावर लगेच मीटिंग किंवा गाडी चालवणं ठेवू नका. पेनेबेकर स्वतः एक सोपा नियम सांगतात: हे लिहिलं तर आपण कोलमडू असं वाटलं, तर ते लिहू नका, दुसरं काही लिहा.

चार दिवसांत काय बदलायला हवं? पेनेबेकर यांना दिसलं की ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "म्हणून", "लक्षात आलं" असे शब्द वाढत गेले. गोष्ट जुळत गेली. चौथ्या दिवशीचं लिखाण पहिल्या दिवसाची नक्कल असेल तर ते लिहिणं नाही, उगाळणं आहे, आणि मग थांबायचं.

उगाळणं आणि विचार करणं यातला फरक बाहेरून दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सिमा यांच्याकडे योगायोगाने याचा पुरावा आला. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. त्याच्या १४ दिवस आधी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि उगाळण्याच्या सवयीची नोंद घेतलेली होती. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना आधीपासून उगाळायची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त.

घरी ओळखायची खूण सोपी आहे. वीस मिनिटं विचार करून काही नवीन हाताला लागलं का? एखादा तपशील, एखादा निर्णय, एखादा फोन करायचा ठरला? नसेल लागलं तर चाकं चिखलात फिरताहेत. अशा वेळी प्रश्न बदला. "माझ्याच वाट्याला का?" ला तळ नाही. "त्या सकाळी आधी काय झालं, मग काय झालं, मी नेमकं काय म्हणालो?" याला तळ आहे. आणि बसल्या जागेवरून उठा. उगाळण्याला बैठक लागते.

शब्दांचीही एक तपासणी करून घ्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे टोकाचे विचार तपासून ते बदलण्याची पद्धत, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे मराठीत तिची भाषा बरीच ओळखीची आहे. फुलीच्या पानांवर "भयंकर", "असह्य", "कधीच", "सगळं" या शब्दांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला विचारा की हे तंतोतंत खरं आहे का. "ते दोन महिने असह्य होते" यात एक अडचण आहे: ते सहन झालेले आहेत, म्हणून तर तुम्ही लिहिताय. "ते दोन महिने फार कठीण होते, आणि तसे पुन्हा नको आहेत" हे खरं आहे. दुःख कमी लेखायचं नाही, मापात लिहायचं.

पुढच्या वर्षाचं हसू

आनंदाबद्दल सगळ्यात खर्चिक गैरसमज म्हणजे आधी मूड येतो आणि मग आपण काही करतो. खचलेल्या माणसात हा क्रम उलटा करावा लागतो. आधी कृती, मूड मागून येतो, आणि कधी कधी येतही नाही, तरी कृती करायची. वहीच्या मागच्या पानावर आठवड्याला दोन गोष्टी आखा, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या. कीर्दीसारखाच नेमकेपणा इथेही: "व्यायाम करायचा" नाही, "शनिवार, सकाळी सात, मैत्रिणीबरोबर टेकडी, खाली येऊन पोहे." माणूस सोबत असलं की रद्द करणं जड जातं, म्हणून शक्यतो दोनपैकी एका गोष्टीला तरी दुसऱ्या कुणाचं नाव जोडा. गोष्टी कुठून आणायच्या? "हसू"च्या खात्यातून. तिथे मोगरा असेल तर दुसरी कुंडी आणा.

प्रत्येक गोष्टीआधी पेन्सिलने ० ते १० मध्ये लिहा, किती मजा येईल असं वाटतं. परतल्यावर पेनने खरा आकडा. मन खचलेलं असताना आधीचा आकडा वारंवार कमी निघतो, दोन लिहिलेलं असतं आणि पाच येतात. पाच-सहा आठवड्यांत हा फरक आपल्याच हस्ताक्षरात दिसला की "कशाला जायचं, काही उपयोग नाही" या विचाराचं वजन घटतं.

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा व्यायाम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात लोकांनी तो आठवडाभर केला आणि फायदा सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. पण त्याचा अर्धा भाग लोक गाळतात: प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली तेही लिहायचं होतं. "चहा छान झाला" यापुढे "कारण मुलाने न सांगता आलं किसलं." त्या "कारण"मध्ये माणूस सापडतो. आठवडा झाला आणि गृहपाठ वाटू लागला, तर रोजचं बंद करून रविवारी एकदा लिहा. सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा अशी मोजणी करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना नाही. आनंदाची सारखी मोजदाद करत बसलं की तोही कंटाळतो.

एक गोष्ट मात्र वहीबाहेरची. चांगलं घडलेलं कुणाला तरी सांगा, आणि सांगण्यासाठी माणूस निवडून घ्या. शेली गेबल यांच्या अभ्यासांत दिसतं की बातमी ऐकून उत्साहाने पुढे विचारणारा श्रोता मिळाला तर त्या घटनेचा आनंद वाढतो. "अगं वा, कधी? मग पुढे काय झालं?" म्हणणारी मावशी हवी. "बरं झालं, पण जपून हं" म्हणणाऱ्या मामांना नंतर कळवलं तरी चालेल.

वहीचं काम नाही ते

बहुतेक सगळे दिवस, दोन आठवड्यांहून जास्त काळ, मन उदास किंवा कशातच रस नाही. झोप-भूक बिघडलेली, साधी कामं ओढत नेल्यासारखी. तर हे डॉक्टरांना दाखवायचं प्रकरण आहे. "हसू"चं खातं दोन बैठकांनंतरही पूर्ण कोरं असेल तर तेही त्यांना सांगा, कारण आनंद न जाणवणं हेच एक लक्षण आहे. शोकाचंही तसंच. माणूस गेल्यावर सहा महिने उलटूनही ओढ आणि वेदना रोज पहिल्यासारखीच राहिली आणि रोजचं जगणं बंद पडलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला आजार म्हटलंय; अमेरिकन वर्गीकरणात २०२२ पासून मोठ्यांसाठी ही मुदत १२ महिन्यांची आहे. दोन्हींवर उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवा, घरातल्या एकाला लगेच सांगा आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

एकाच घरात दोघा-तिघांनी आपापली कीर्द लिहिली तर एक गंमत होते. फुलीची पानं कुणीच कुणाची बघायची नाहीत, हा नियम. पण "हसू" आणि "कुणी काय दिलं" ही दोन खाती जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवता येतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही हे जमतं, त्यांना महिन्याला एक पान पुरतं. आईच्या वहीत जुलैच्या पानावर फुली असते आणि त्याखाली काहीच नाही. मुलाच्या वहीत त्याच जुलैत लिहिलेलं असतं: "आजोबा दवाखान्यात होते म्हणून मी आत्याकडे. आत्याच्या मांजरीला माळ्यावर चार पिल्लं झाली. एक पूर्ण पांढरं. रोज शाळेतून आल्यावर आधी शिडी लावायची." आई विचारते, हे मला का नाही सांगितलंस? तो म्हणतो, तू फोनवर रडत होतीस. मग जुलैच्या पानावर, फुलीच्या शेजारी, आईच्या अक्षरात "चार पिल्लं" लिहिलं जातं, आणि कंसात "नंतर कळलं."